फळ्यावरचा भाव

लॉकडाऊनमध्ये सगळ्यात जास्त हाल कुणाचे झाले असतील तर माझ्या घरच्यांचे. मी माईकवाला माणूस. लग्नात वऱ्हाडी मंडळींना पंगतीला बोलावणं, कुस्त्यांच्या मैदानात पैलवानाच्या सात पिढ्यांची ओळख करून देणं, पुढाऱ्याची गाडी वेशीत दिसेपर्यंत गर्दी धरून ठेवणं, हा माझा धंदा. लग्नं बंद, जत्रा बंद, पुढारी घरात. आणि भिंगारच्या आमच्या दोन खोल्यांत हा एवढा मोठा आवाज कोंडलेला. चहा हवा असला तरी मी "तमाम माता-भगिनींना नम्र विनंती" इथून सुरुवात करायचो. शेवटी बायकोनं शांतपणे सांगितलं, की पुन्हा नम्र विनंती केलीत तर चहाही बंद आणि माताही बंद.

म्हणून तो निधी सुटला तेव्हा सगळ्यात आधी आमच्या घरात आनंद झाला. रोगराई ओसरल्यावर देश पुन्हा उभा करायचा होता. त्यासाठी वरून पैसा सुटला आणि त्यातला मोठा वाटा म्हणे खेड्यापाड्यांतले सगळे व्यवहार डिजिटल करायला होता. कालव्याचं आवर्तन सुटतं तसंच हे. धरणातून किती सुटलं ते पेपरात येतं, शेवटच्या चारीला किती पोचलं ते चारीवालाच जाणतो. आमच्या भागात ते पाणी कुठं पोचावं, तर सोनईच्या पुढच्या एका जनावरांच्या बाजारात. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं मला अजून तोंड दाखवायचंय.

बाजाराला काय काय मिळालं ते मी त्या काळी माईकवरून इतक्या वेळा सांगितलंय, की आजही झोपेतून उठवलंत तर म्हणून दाखवीन. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला. बिल्ला वाचणारं यंत्र. बसच्या कंडक्टरकडं असतात तशी छोटी मशीनं, त्यांत घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं सौदा भरायचा. पैसे फोनवरून फोनवर. योजनेच्या साहेबांना बसायला काचेची थंडगार केबिन. आणि मधोमध, लोखंडी पायांवर उभा केलेला एक प्रचंड फळा. दिव्यांचा. त्याच्यावर प्रत्येक सौदा उमटायचा: जनावर कोणतं, दात किती म्हणजे वय केवढं, विकलं केवढ्याला. सगळ्यांत खाली लाल अक्षरांत, त्या-त्या जनावराचा आजचा सरासरी भाव. तो भाव घरबसल्या फोनवरही दिसायचा. तमाशाच्या कनातीपेक्षा मोठा तो फळा पहिल्यांदा पेटला तेव्हा चार बैल दावी तोडून पळाले आणि त्यांच्या मागं त्यांचे मालक. मी लगेच माईक हातात घेतला आणि जाहीर केलं, की विकासाचा वेग बघा, जनावरंसुद्धा थांबायला तयार नाहीत.

माझं काम हेच. दिवसभर माईकवरून लोकांना डिजिटल करायचं. फोन काढा, चौकोन दाखवा, पैसे मोजायची कटकट नको, बनावट नोटेची भीती नको. मी त्यात नाट्यछटा घातल्या. एक भोळा शेतकरी, एक पाकीटमार, एक चतुर सून, तिन्ही आवाज माझेच. सून सगळ्यांना आवडायची. गंमत म्हणजे माझ्या स्वतःच्या फोनमध्ये तेव्हा तसली सोय नव्हती. ती पुढं बायकोनं करून दिली आणि पासवर्ड स्वतःकडं ठेवला.

या बाजाराला मी जायचो ते माझ्या मोटरसायकलवर, आणि मागं बसायचे चाचा.

चाचा आमच्या भिंगारचेच, आमच्या गल्लीतलेच. जनावरांच्या बाजारातले दलाल. उंच, वाळके, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर हिरव्या चौकटीचा टॉवेल. तो टॉवेल हेच त्यांचं दुकान. बाजारात लिंबाच्या एका झाडाखाली त्यांची जागा होती, खोडाला त्यांच्या नावाची पत्र्याची पाटी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा चाकणला, कंपनीचा टेम्पो चालवतो, तिसऱ्या मजल्यावर राहतो. तो दर सणाला म्हणायचा, अब्बा, आता पुरे, इकडंच या. चाचा एकदा चार दिवस राहून आले होते. "खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी," ते मला सांगायचे. "त्यानं उघडली की माझी. दोघंबी बंद करून बसतो." बाजारातून उठलो की चाकण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि चाकण हा शब्द ते कबरस्तान म्हणावं तसा म्हणायचे.

जनावराचा सौदा कसा होतो ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, दलाल मधे. दलाल टॉवेल पसरतो आणि त्याच्याखाली हात हातात घेतो. भाव तोंडानं बोलायचा नाही, बोटांनी बोलायचा. एक बोट दाबलं की एक, पंजा धरला की पाच, आणि हजार की लाख ते जनावराकडं बघून कळतं. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा, पोरीबाळींची चौकशी, आणि खाली टॉवेलमध्ये बोटांची मारामारी. मी असा एक सौदा पाहिलाय, की ज्यात वरती दोघं एकमेकांच्या आईच्या तब्येतीबद्दल फार हळवं बोलत होते आणि खाली एकानं दुसऱ्याची करंगळी जवळजवळ मोडली होती.

हे झाकून का करायचं, तर त्याला कारणं आहेत. सौदा फिसकटला तर कुणाचा अपमान होत नाही, कारण काय मागितलं आणि काय नाकारलं ते कुणी ऐकलेलंच नसतं. विकणाऱ्याच्या भावांना कळत नाही. सोयऱ्यांना कळत नाही. आणि चांगल्या जोडीचा चांगला भाव चारचौघांत बोलला की तिला दृष्ट लागते, हे तर आमच्याकडं शिकलेली माणसंही मानतात. त्याच हिशेबानं बाजाराच्या पावतीवर आकडा नेहमी कमीच लिहायचा. यात लबाडी आहे असं कुणाला वाटायचं नाही. बाईला वय विचारू नये, तसं पावतीला भाव विचारू नये. त्या पावत्या पोत्यात जायच्या, पोतं कोठीत, आणि कोठीत उंदीर. त्या खोट्या आकड्यांनी उंदरांखेरीज कुणाचं पोट भरलं नाही की कुणाचं बिघडलं नाही.

आता डिजिटल बाजाराचा पहिला दिवस. साहेब आलेले. तरुण, हसतमुख, अतिशय सभ्य माणूस. दलालांना एकत्र करून त्यांनी सांगितलं, की जागा आता वशिल्यानं नाही, कामावर. ज्याच्या नावावर मशीनमध्ये सौदे पडतील त्याची पाटी राहील, ज्याचे पडणार नाहीत त्याची हंगाम संपला की निघेल. चाचांनी मान डोलावली. सौदे तर आपण करतोच, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

पहिला सौदा त्यांच्याच झाडाखाली झाला. टॉवेल पसरला, बोटं बोलली, दोघं राजी झाले. मग साहेबांच्या माणसानं मशीन पुढं केलं. चाचांनी मशीनकडं बघितलं, घेणाऱ्याकडं बघितलं, आणि टॉवेल उचलून मशीनवर टाकला. टॉवेलखाली दोघांनी आकडा टाइप केला. साहेबांना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी फोटो काढला. पुढं तो योजनेच्या पुस्तिकेत छापून आला, परंपरा आणि तंत्रज्ञान यांचा संगम म्हणून. त्या संगमात टॉवेलखाली आकडा काय पडला होता? पावतीवर पडायचा तोच. निम्मा.

बाकीचे पैसे रोख, बाजूला, म्हशीच्या आडोशाला.

मग सगळ्यांनीच ते उचललं. सांगायला कुणी लागलं नाही. त्या दिवशी बाजारात प्रत्येक मशीनवर कुठं टॉवेल, कुठं धोतराचा सोगा, कुठं पदर. फळ्यावर आकडे उमटू लागले तसे लोक हसून हसून बेजार. खिल्लार जोडी शेळीच्या भावात. दुभती म्हैस कोंबड्यांच्या खुराड्याच्या भावात. मी माईकवरून म्हणालो, मंडळी, एवढी स्वस्ताई आपल्या आज्यानंही पाहिली नव्हती. साहेबही हसले. त्यांना वाटलं मी योजनेची स्तुती करतोय. तसे ते आठवडे आमचे फार मजेत गेले. सरकारनं एवढा खर्च करून यंत्र आणलं आणि आम्ही त्याला टॉवेलखाली घेतलं, या आनंदात गावोगावची माणसं खास फळा बघायला यायची.

माणसं हसली, पण फळा ते सगळं मांडून ठेवत होता. शिवाय तो घरोघरच्या फोनमध्येही दिसत होता.

आधी पुण्याकडचे व्यापारी बदलले. ट्रकमधून उतरायचे ते फोन हातात धरूनच. जनावराच्या पाठीवरून हात फिरवणं नाही, चालवून बघणं नाही. एक जण तर चाचांनी टॉवेल पसरला तरी हात देईना.

"फळा बघा की चाचा," तो म्हणाला. "भाव लिहिलाय."

"फळ्याला बैलातलं काय कळतंय? तू दात बघ."

"दात बिल्ल्यात हायेत."

"मग मशागतीला बिल्लाच जुंप," चाचा म्हणाले, आणि आजूबाजूचे हसले. पण तो व्यापारी हसला नाही. त्यानं शेजारच्या दावणीवर फळ्याच्या भावानं मागणी घातली आणि थोड्या वेळानं त्याला त्या भावानं जोडी मिळालीसुद्धा. विकणाऱ्याला घाई होती. हा भाव खोटा आहे असं तो म्हणणार कसा? गेल्या बाजारी त्यानंच तो भरला होता.

हळूहळू सगळ्यांच्याच ध्यानात आलं. आधी भाव मोठा असायचा आणि आकडा लहान. आता भावच लहान झाला आणि लोक त्याहून लहान आकडा भरू लागले. सवय ती. पुढच्या बाजारी सरासरी आणखी खाली.

मग चहाच्या टपरीमागं बैठक झाली. कल्पना चाचांची, सूत्रसंचालन माझं. चाचांनी सरळ मांडलं: आपणच खोटं भरलं, आपणच खरं भरू. चार बाजार सगळ्यांनी खरं भरलं की फळा वर येईल. सगळ्यांना पटलं. जे नुसते चहा प्यायला आले होते त्यांनाही पटलं. एकानं मारुतीची आण घेतली, एकानं पोराच्या डोक्यावर हात ठेवला, दोघांनी पिराची. मी त्या प्रसंगाला साजेसं भाषण केलं, आणि ते इतकं चांगलं झालं की शेवटी माझ्याच अंगावर काटा आला.

पुढच्या बाजारी आम्ही सगळे फळ्याखाली उभे. पहिला आकडा पडला. लहान. दुसरा. लहान. संध्याकाळी लाल अक्षरं गेल्या आठवड्यापेक्षा खाली. झालं काय होतं, तर प्रत्येकानं हिशेब केला होता की बाकीचे सगळे खरं भरणारच आहेत, फळा चढणारच आहे, मग आपलं एकट्याचं बिंग कशाला फोडा. खरं भरलं फक्त एकानं. चाचांच्या सांगण्यावरून, चाचांच्या झाडाखाली. त्याचा आकडा सगळ्या बाजारानं मान वर करून वाचला. आठवडाभरात त्याच्या तिन्ही भावांनी त्याच्याकडं वाटा मागितला. तो चाचांना येऊन म्हणाला, तुमी माझं गुपित वेशीला टांगलं. पुन्हा कधी त्यांच्या झाडाखाली आला नाही. आणि बाजारात हे असलं फार लवकर पसरतं. चाचांकडं गेलं की चाचा खरं भरायला लावतात. खऱ्या भावाची म्हणून जी एक पत असते, ती त्यांची पन्नास वर्षांची पत, उलटी फिरली.

त्यांच्या नावावरचे सौदे झपाट्यानं घटले.

मी त्यांना साहेबांच्या केबिनमध्ये घेऊन गेलो. साहेबांनी उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं मन लावून ऐकलं. त्यांच्याविरुद्ध तक्रार करता आली असती तर मला बरं वाटलं असतं, पण त्या माणसात तक्रारीला जागा नव्हती. ते म्हणाले, फळा स्वतःहून काहीच लिहीत नाही चाचा, तुम्ही भरता तेच दाखवतो. लोकांनी खरं भरलं की भाव आपोआप खरा होईल. बरोबरच होतं. बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "आत गारवा चांगला हाय." तेवढंच.

दसरा आला. साखर कारखाने पेटायच्या आधीचा हा महिना म्हणजे बैलबाजाराचा खरा हंगाम. ऊसतोडीला गाडी घेऊन जाणाऱ्यांना जोड्या लागतात, मागणी तुटून पडते. याच महिन्यात चाचांच्या पाटीचा निकाल लागणार होता. आणि त्या बाजारी पाथर्डीकडचं एक नवराबायकोचं जोडपं त्यांच्या झाडाखाली आलं. जुनी ओळख. दर दोन-तीन वर्षांनी त्यांची जोडी चाचांनीच घेऊन दिलेली. या वर्षी ते विकायला आले होते. नवऱ्याचा गुडघा गेला होता, तोड आता होणार नव्हती. ऐन ताकदीतली, सहा दाती, पांढरीशुभ्र जोडी. मी स्वतः माईक सोडून बघायला गेलो, यावरून काय ते समजा.

बाई बोलायला खमकी. तिनं आधीच अट घातली.

"चाचा, पैसं समदं माज्या खात्यावर. रोख न्हाई पायजे. रोख आली की ह्यांच्या खिशाला वाट फुटती."

नवरा बैलाच्या शिंगाकडं बघत राहिला. चाचांचा चेहरा उजळला. सगळं खात्यावर, म्हणजे सगळं मशीनवर, म्हणजे पूर्ण आकडा, म्हणजे त्यांच्या नावावर घसघशीत सौदा, आणि फळ्यावर एक तरी खरी ओळ. त्यांनी मला डोळ्यानं खुणावलं, थांब म्हणून.

घेणारा बारामतीकडचा, गाडीवाला, बैलांचा खरा दर्दी. त्यानं जोडी चालवून बघितली, पाय उचलून बघितले, पुढं उभा राहून नुसता बघत बसला. चाचांनी टॉवेल पसरला. किती दिवसांनी त्या टॉवेलखाली मन लावून बोटं चालली. वर गुडघ्याच्या औषधाच्या गप्पा चाललेल्या, कुठल्या तेलानं कुणाच्या सासऱ्याचा गुडघा बरा झाला वगैरे, आणि खाली चाचा लढत होते. मला बोटं दिसत नव्हती, पण चाचांचा खांदा दिसत होता. एका क्षणी तो खाली आला, सैल झाला. सौदा झाला. फळ्यावरच्या लाल आकड्याच्या दुपटीहून बरंच वर, हे मला नंतर कळलं. जोडीच्या खऱ्या किमतीला.

मशीन आलं. चाचांनी टॉवेल खांद्यावर टाकला, मशीनवर झाकला नाही. सगळ्यांदेखत, उघड्यावर, त्यांनी आकडा टाइप करायला लावला. बाईनं अंगठा दिला. गाडीवाल्यानं अंगठा दिला. मशीननं थोडा विचार केला आणि दोनदा टुकटुक करून लाल झालं.

पुन्हा टाइप केला. पुन्हा लाल.

मशीनवाल्यानं वाचून सांगितलं, की ही रक्कम सरासरीला धरून नाही. आकडा तपासा.

मी धावत केबिनमध्ये गेलो. साहेब स्वतः उन्हात आले. त्यांनी मशीन हातात घेतलं, बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसलं. आमच्या त्या बैठकीनंतर कुणी गंमत म्हणून बैलाला विमानाचा भाव भरला होता, तेव्हापासून यंत्रवाल्या कंपनीनं आत चाळण बसवली होती. रोजच्या भावापेक्षा फार वेगळा आकडा आला की मशीन तो चूक धरतं. ती चाळण काढता येईल का, मी विचारलं. ते म्हणाले, कंपनीचं काम मार्चमध्येच संपलं, निधी होता तेवढा खर्ची पडला. पुढचा टप्पा मंजूर झाला तर त्यात घालू. सांगताना त्यांनी चाचांकडं नाही, बैलांकडं बघितलं.

आता चाचांनी जुनी वाट धरली. ते गाडीवाल्याला म्हणाले, मशीनवर ते मागतंय ते भर, वरचे बाईच्या खात्यावर तुझ्या फोनवरून वेगळे टाक. आपली रीतच हाय.

गाडीवाल्यानं खिशातून फोन काढला, परत ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. टॉवेलखाली त्यानं स्वतः होकार दिला होता आणि तो मोडताना त्याला लाज वाटत होती, हे दिसत होतं. पण तो लाल दिवा त्यानं बघितला होता.

"चाचा, तुमच्या हातावर मी हो म्हनलो, न्हाई म्हनत न्हाई," तो म्हणाला. "पन आता मशीनच सांगतंय जास्त व्हतंय. घरी लोकं इचारत्याल, भाव फोनात दिसत हुता, मग जास्त का दिलं. काय सांगू?"

"जोडी दाखव त्यांना."

"जोडी कोन बघतंय चाचा."

तो गेला. चाचा टॉवेल हातात धरून उभे राहिले. तिकडं माईक बोंबलत होता, माझ्या जागी कुणीतरी हरवलेल्या चपलेची सूचना देत होतं.

ते जोडपं दुपारपर्यंत थांबलं. गुडघ्यामुळं नवरा बैलाच्या पुढ्यातच वैरणीवर बसला. दोघं-तिघं आले, फोन बघून फळ्याचा भाव बोलले, गेले. परतीच्या जीपची वेळ झाली. जोडी परत न्यायची तर टेम्पोचं भाडं, आणि घरी वैरण नाही. शेवटी बाई उठली, पदर खोचला आणि चाचांपुढं येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"तुमचा काय दोस न्हाई चाचा. पन भाव ठरल्यालाच हाय म्हनल्यावर आता बोटं कशाला धरायची?"

आणि ती स्वतः मशीनवाल्याकडं गेली. त्यानं पुढच्याच ट्रकवाल्याला बोलावलं. लाल अक्षरांतला आकडा, दोन अंगठे, मशीन हिरवं. दलालाच्या रकान्यात मशीनवाल्यानं रेघ मारली, कारण दलाल नव्हताच. जोडी ट्रकमध्ये चढताना पुढचा बैल अडला, तेव्हा नवरा लंगडत उठला आणि त्यानंच पाठीवर थाप मारून त्याला वर घातलं. चाचा तोवर झाडाखाली बसून होते. ती दोघं जाताना बाईनं त्यांना नमस्कार केला, आणि त्यांनी नेहमीसारखं, पोचलीस की सांग, असं म्हटलं.

हंगाम संपल्यावर पाटी निघाली. कुणी भांडण केलं नाही. साहेबांच्या माणसानं पक्कड आणून खिळे काढले आणि पाटी चाचांच्या हातात दिली. त्याच सुमारास माझंही काम आटोपलं, पण त्याची गोष्ट वेगळी. माझा आवाज साहेबांना इतका आवडला होता, की त्यांनी एक दिवस मला बसवून सगळं ध्वनिमुद्रित करून घेतलं. भोळा शेतकरी, पाकीटमार, सून, सगळं. आता दर बाजारी मी तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलतो आणि घरी भिंगारला बसून भाकरी खातो. सोनईकडं कधी गेलो तर रस्त्यावरूनच माझी सून ऐकू येते. अजून चांगलं काम करते.

चाचांना चाकणला न्यायला मुलगा टेम्पो घेऊन आला. सामान फार नव्हतं. गल्लीतल्या बायकांनी डबे भरून दिले. मी मोठ्या आवाजात, अगदी पुढाऱ्याला निरोप द्यावा तसा, त्यांचा जयजयकार केला. गल्लीतली कुत्री भुंकली, पोरं हसली. चाचा टेम्पोत पुढं बसले, काच खाली घेतली आणि म्हणाले, "बस कर बाबा, आवाज जपून ठेव." मग ते काच वर करू लागले. ती वर जाईना, मुलानं बाहेरून हातानं दाबून बसवली.

त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन आहे. त्यामुळं दर बाजारच्या दिवशी दुपारी त्यांचा मला फोन यायचा. नमस्कार-चमत्कार काही नाही. थेट विचारायचे, जोडी कितीला? मी माझा फोन बायकोकडून उघडून घ्यायचो, लाल आकडा वाचून दाखवायचो.

"खोटंय ते," ते म्हणायचे.

"व्हय चाचा. पण जोडी तेवढ्यालाच गेली."

मागून त्यांच्या इमारतीतली पाण्याची मोटर ऐकू यायची. मग ते फोन ठेवायचे. मी एकदा गंमत म्हणून भाव वाढवून सांगितला, अगदी खऱ्या किमतीएवढा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता तू बी टॉवेल टाकायला लागलास. फसले नाहीत. पुन्हा मी तो उद्योग केला नाही.

मध्यंतरी दोन बाजार फोन आला नाही. मी केला, तर त्यांची सून म्हणाली झोपलेत. गेल्या बाजारी मात्र त्यांचा स्वतःहून आला. मी आधीच आकडा काढून बसलो होतो, चष्मा लावून. त्यांनी भाव विचारला नाही. विचारलं, जेवलास का. मी हो म्हणालो. तिकडून ते म्हणाले, आमचंबी झालं, आणि फोन ठेवला.